नाइलाजाचा अर्ज

‘हे पैसे तुम्ही राजीखुशीने पाठवत आहात, असे आढळून येत नाही. व्यवहार थांबवला आहे.’

मी ते तीनदा वाचलं. दिवसभर जर्मन वाचून डोळे शिणतात म्हणून बँकेची भाषा मीच मराठी ठेवलेली. आता वाटलं, जर्मनमध्येच असतं तर बरं झालं असतं. निदान आपल्या वाचण्यात काहीतरी चुकलं असेल अशी आशा तरी राहिली असती.

राजीखुशीने नाही म्हणजे काय? माझ्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, अरे बाबांनो! मी काय जुगाराला पैसे पाठवतेय?

मी शर्वरी मगदूम. मूळची इचलकरंजीची. अकरा वर्षं झाली, जर्मनीत उल्म नावाच्या शहरात एका मोठ्या हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे. त्या मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या स्टाफच्या खोलीत बसले होते. एका हातात ब्रेड आणि दुसऱ्या हातात फोन. ब्रेड तसाच राहिला.

आईच्या हृदयाचा एक व्हॉल्व्ह अरुंद झाला होता. महिन्याभरात दोनदा ती चक्कर येऊन पडली होती, एकदा तर चालू गॅससमोर. मिरजेच्या हॉस्पिटलात पायाच्या रक्तवाहिनीतून नवीन व्हॉल्व्ह बसवायचं ठरलं. ते करणारे डॉक्टर बाहेरगावहून दीड महिन्यातून एकदाच येतात. ते या शनिवारी येणार होते. आईच्या मापाचा व्हॉल्व्ह मागवायचा तर गुरुवारी दुपारी दोनच्या आत आगाऊ रक्कम भरायला हवी होती. या वर्षीचा विमा तिच्या गुडघ्यांनी आधीच खाल्लेला. माझा थोरला भाऊ प्रशांतदादा, त्याचे माग विकून झाले, आता दुसऱ्याच्या शेडमध्ये नोकरी करतो. त्याची पत किती असणार? आणि आणखी दीड महिना थांबायचं म्हणजे काय, ते दुसऱ्या कुणी मला सांगायची गरज नव्हती. अशा पेशंटांना मी रोज बघते. चक्कर यायला लागली की त्यांचे दिवस भराभर संपतात.

म्हणून मी पैसे पाठवत होते. आणि एक मशीन मला सांगत होतं की तुझ्या मनात नाही.

आता हे मशीन आत्ताच का आडवं आलं, ते सांगते. त्यात चूक आमचीच आहे.

आमच्या घरात लेकीचं घेत नाहीत. आईची आई तिच्या घरी आली तर पाणीसुद्धा प्यायची नाही, येताना बाटली भरून आणायची. आई तेवढी कडक नाही, पण लेकीने पैसे पाठवायचे आणि आपण घ्यायचे म्हटलं की तिचा चेहराच उतरायचा. म्हणून जर्मनीला निघताना मी एक युक्ती केली. इचलकरंजीच्या बँकेत माझ्या नावाचं बचत खातं होतं, त्याच्या अख्ख्या चेकबुकावर सह्या करून ठेवल्या. मी इथून माझ्याच खात्यात पैसे टाकायचे आणि आईने चेक फाडून लागतील तसे काढायचे. चेकबुक संपलं की सुट्टीला आल्यावर मी नव्यावर सह्या करायच्या. आई शेजारणीला सांगायची, "मी कुठं घेतीय? तिचेच पैसे, तिच्याच खात्यात. मी नुसती राखण करती." तरीसुद्धा दर महिन्याच्या एक तारखेला फोनवर विचारायचीच, "मनापासून टाकतीस ना गं?" मी म्हणायची, हो गं आई.

खरं तर परदेशी नोकरीला गेलं की बँकेला तसं कळवावं लागतं आणि खात्याचा प्रकार बदलून घ्यावा लागतो. आमच्यातल्या एकीनेही ते केलेलं नाही. माझ्याबरोबर आलेल्या सांगली-कोल्हापूरकडच्या सगळ्या नर्सांची हीच तऱ्हा. खातं जुनं, पत्ता जुना, सह्यांचं चेकबुक देवघराच्या फळीवर. गेल्या महिन्यात बँकेने तपासणी केली आणि कागदपत्रं येईपर्यंत माझं खातं गोठवून टाकलं. त्यामुळे अकरा वर्षांत पहिल्यांदा मी थेट आईच्या नावाने पैसे पाठवायला बसले होते. आपल्याच खात्यात पैसे टाकताना मशीन अडवत नाही. दुसऱ्याच्या नावाने टाकले की अडवतं.

त्याला आम्ही मनकवडा म्हणतो. सरकारी नाव ‘स्वेच्छा पडताळणी’.

दोन हजार तीसच्या आसपास परदेशातल्या नोकरदारांना लुबाडायचा नुसता धंदा झाला होता. फोन यायचा, तुमचा व्हिसा रद्द होतोय, तुमच्यावर गुन्हा दाखल झालाय, फोन बंद केलात तर आत्ता अटक. माणूस घाबरून तासन् तास फोनवर अडकायचा आणि सांगतील त्या खात्यावर आयुष्याची पुंजी स्वतःच्या हाताने पाठवून मोकळा व्हायचा. पासवर्ड बरोबर, ओटीपी बरोबर, अंगठा त्याचाच. बँक काय अडवणार? आमच्याच हॉस्पिटलातल्या एका फिजिओथेरपिस्टने घरासाठी साठवलेलं सगळं एका सकाळीत घालवलं.

तेव्हा शास्त्रज्ञांनी प्रश्नच बदलला. बटण कोण दाबतंय हे विचारायचं सोडून कसं दाबतंय हे विचारायला लागले. आता परदेशातून पैसे पाठवायचे तर मनगटाला पट्टी लागते. शांत माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर जरा पुढेमागे होत राहतं. श्वास घेताना ते घटतं, सोडताना वाढतं. माणूस दडपणाखाली आला की हे पुढेमागे होणं थांबतं आणि ठोके एकसारखे पडायला लागतात. तळवा किंचित ओलसर होतो. बोट काचेवर क्षणभर उशिरा टेकतं. डोळ्याची बाहुली पसरते. यातल्या एकेका खुणेला काही अर्थ नाही, पण सगळ्या एकत्र करून तुमच्याच आजवरच्या हजारो व्यवहारांशी ताडून पाहिल्या की मशीनला कळतं, हा माणूस आज नेहमीसारखा नाही. चोऱ्या खरंच थांबल्या. मीच इथल्या पोरींना सांगत फिरायची, मनकवडा म्हणजे देवच पावला आपल्याला. आता त्याच देवाने माझ्या थोबाडीत मारली होती.

"घाबरलीयेस तू," जेसी म्हणाली. जेसी केरळची, माझ्याच विभागात नर्स, आणि या देशात मला हक्काने ओरडणारी एकमेव बाई. "आईचं ऑपरेशन आहे, म्हणून घाबरलीयेस. त्याला वाटलं, तुला कुणी धमकावतंय. पाच मिनिटं शांत बस आणि पुन्हा दाब."

मी पाच मिनिटं बसले. लांब श्वास घेतले, सोडले. बटण दाबलं. राजीखुशी आढळून येत नाही.

मग मी अक्कल पाजळली. मला अर्धशिशीचा त्रास आहे, त्यावर डॉक्टरांनी दिलेली एक गोळी पर्समध्ये असते. ती ठोके शांत करते. मी ती घेतली, तासभर वॉर्डात काम केलं, आणि नाडी छान संथ लागल्यावर परत येऊन तिसऱ्यांदा बटण दाबलं.

‘ग्राहक औषधाच्या किंवा अन्य प्रभावाखाली असण्याची शक्यता आहे. तिसरा प्रयत्न अयशस्वी. सुरक्षेसाठी या लाभार्थीच्या नावाने परदेशातून येणारे सर्व व्यवहार तीस दिवस बंद करण्यात आले आहेत. लाभार्थीला कारण कळवले आहे.’

जेसी लगेच म्हणाली, मी माझ्या खात्यातून पाठवते, मला कसली भीती? तिलाही नकार. आम्ही थेट मिरजेच्या हॉस्पिटलच्या नावाने पाठवून बघितले, तर पेशंटचं नाव तेच म्हणून तेही अडले. चोरटे मित्रांच्या खात्यातून पैसे फिरवतात, म्हणून ही सगळी दारं आधीच बंद करून ठेवलेली.

पण माझं लक्ष शेवटच्या वाक्यावर होतं. लाभार्थीला कळवले आहे. लाभार्थी म्हणजे आई.

दहाव्या मिनिटाला दादाचा फोन. "शरू, आईच्या फोनवर हे काय आलंय? ‘तीन प्रयत्नांतही पाठवणाऱ्या व्यक्तीची राजीखुशी न आढळल्यामुळे रक्कम थांबवली आहे.’ म्हणजे काय गं?"

"दादा, आईला दाखवू नकोस ते."

"तिनंच मला दाखवलं."

मागून आईचा आवाज आला, "आण इकडं तो फोन." आणि ती स्क्रीनवर आली. कॉटवर उशीला टेकून बसलेली, ओठ निळसर. मी तिचे ओठच बघत राहिले.

"शरे, नको पाठवूस गं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, हे आणखी वाईट.

"आई, मशीन बिघडलंय."

"बीपी सांगतंय ते मशीनच की. ते कधी बिघडलंय म्हणालीस? उलट माझ्यावर ओरडलीस, गोळ्या घे म्हणून."

"आई, मी घाबरलेय, त्याला ते नाखुशी समजतंय."

"मी दर महिन्याला विचारत होते तुला. मनापासून ना म्हणून. तू हो म्हणत होतीस."

"हो होतं म्हणून हो म्हणत होते!"

"मग तीनदा कसं न्हाई म्हणालं?" तिने डोळे मिटले, थोडा दम घेतला. "हे बघ, मला वाईट वाटलं न्हाई. परक्या देशात राबतीस, तुझं तुला काय कमी खर्च असतील? पण मनात नसताना दिलेल्या पैशावर मी टेबलावर झोपायची न्हाई. ऑपरेशनच्या कागदावर माझी सही लागती ना? मी करणार न्हाई."

"आई, खुळी आहेस काय? मरशील!"

"मरंन की," ती म्हणाली आणि फोन दादाकडे दिला.

दादाने एवढंच विचारलं, "शरू, खरं सांग. तुला द्यायचे नव्हते का?" मी त्याच्यावर अशी काही ओरडले की स्टाफच्या खोलीतल्या दोन जर्मन बायका उठून बाहेर गेल्या. अकरा वर्षं ज्या घरासाठी मी सणवार सोडले, लग्नाचं बघू बघू म्हणत चाळिशीला आले, त्या घरातला माझा सख्खा भाऊ मला विचारत होता. तेही एका पट्टीच्या सांगण्यावरून. मला रडूसुद्धा येईना, इतकी मी सुन्न झाले होते.

बुधवारी सकाळी मी सुट्टी टाकली आणि बँकेच्या मदत कक्षाला व्हिडिओ कॉल लावला. दीड तासाने एक माणूस दिसला. हर्डीकर नाव. पुण्याचा, चष्मा, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं.

"मॅडम, मशीन असं म्हणत नाही की तुमची इच्छा नाही. ते म्हणतं की राजीखुशी आढळत नाही. दोन्हींत फरक आहे."

"हर्डीकर, उद्या दुपारी दोनला माझ्या आईचा शनिवारचा नंबर जाईल दुसऱ्या पेशंटला. फरक मला नंतर शिकवा. मी काल घाबरले होते. आई आजारी असली की माणूस घाबरतं. तुमच्या शास्त्रज्ञांना आया नाहीत का?"

त्या बिचाऱ्याने माझा खाते क्रमांक टाकला. मग काहीतरी उघडून वाचायला लागला आणि बराच वेळ वाचतच राहिला.

"मॅडम, कालची भीती हे एक कारण असू शकतं," तो म्हणाला. "पण हे फक्त कालचं नाहीये."

"म्हणजे?"

"तुम्ही इचलकरंजीच्या स्वतःच्या खात्यात पैसे टाकता, ते व्यवहार आम्ही अडवत नाही. पण पट्टी हातात असते, त्यामुळे मोजले जातात. दर महिन्याची एक तारीख. सगळीकडे हेच दिसतंय. ठोके एकसारखे, तळवा ओलसर, बोट उशिरा. मागच्या वर्षी तुम्ही पार्किंगचा दंड भरलात, तेव्हासुद्धा तुमचं शरीर इतकं आवळलं नव्हतं."

दंड भरताना मी त्या पार्किंगवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आणि आईला पैसे पाठवताना त्याहून जास्त?

"तुमची पट्टी पाच वर्षांपासूनची आहे," हर्डीकर हळू आवाजात म्हणाला. "पहिलं वर्षभर काहीही नाही. अगदी मोकळं, स्वच्छ. बदल एकदम झालाय. एप्रिल दोन हजार चौतीसपासून. आणि त्यानंतर एकही महिना सुटलेला नाही. मॅडम, मला विचारायचा अधिकार नाही, पण त्याच्या आधी काही घडलं होतं का?"

अठ्ठेचाळीस महिने मी ते नीट गुंडाळून आत ठेवून दिलं होतं, जेसीलासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि हा पुण्याचा अनोळखी माणूस मला महिना आणि साल सांगत होता.

दहा मार्चला बाबा गेले होते.

माझी अतिदक्षता विभागातल्या वरच्या पदाची परीक्षा होती. दहाला पहिला पेपर, बाराला दुसरा. दहाचा पेपर देऊन मी बाहेर आले आणि इमारतीच्या पायऱ्यांवरूनच घरी फोन लावला. आईने उचलला. मी म्हटलं, आई, पेपर बरा गेला, बाबांना दे. ती म्हणाली, "बाबा झोपलेत गं. तू अभ्यास कर." मी म्हटलं, मग त्यांना सांग. ती म्हणाली, सांगते. बाराला दुसरा पेपर झाल्यावर दादाने फोन करून सांगितलं की बाबा दहाला पहाटेच गेले, दुपारी उशिरा सगळं उरकलं, आणि परीक्षा होईपर्यंत शरूला कळवायचं नाही असं आईने सगळ्यांना बजावलं होतं.

मी पास झाले. पगार वाढला. आईला एका शब्दाने बोलले नाही. काय बोलणार? तिने नवरा गमावला होता आणि तशात माझं भलं बघितलं होतं. सगळे म्हणाले, केवढी धीराची बाई! मीही म्हणाले.

आणि दर महिन्याच्या एक तारखेला मी आधी फोन करायची, विचारायची, सगळे बरे ना? आई म्हणायची, बरे आहेत. मग मी बटण दाबायची. माझं तोंड हो म्हणायचं आणि माझं शरीर म्हणायचं, ही खोटं बोलते. हिने एकदा केलंय, परत करील. मनकवड्याने चूक केली नव्हती. चोर गळा धरतो तेव्हाची भीती आणि आपल्या माणसावर बसलेला राग, शरीराला दोन्ही सारखेच. मी आईवर चिडलेली होते. चार वर्षं, रोज. हे मला स्वतःला त्या दिवशी बँकेच्या माणसाकडून कळलं, याची लाज वाटली आणि भीतीही वाटली.

"मॅडम?" हर्डीकर म्हणाला. "पाणी प्या."

मी पाणी प्यायले. मग त्याला सगळं सांगून टाकलं. का, ते माहीत नाही. त्याने एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही, याबद्दल मी त्याला कायम दुवा देईन.

"एक मार्ग आहे," शेवटी तो म्हणाला. "कुणी वापरत नाही. कर, दंड, पोटगी, कोर्टाचा हुकूम, असल्या देण्यांना राजीखुशी लागतच नाही. माणूस नाखुशीनेच देणार, हे कायद्याने धरलेलंच आहे. आई-वडिलांच्या औषधपाण्याचा खर्चही कायद्याने पोटगीतच मोडतो, आणि तीस दिवसांची बंदी त्याला लागू नाही. त्यासाठी एक अर्ज असतो. तुम्ही लिहून द्यायचं की मी हे खुशीने देत नाही, तरीही देत आहे, आणि का ते. मग घेणाऱ्यालाही तो अर्ज पूर्ण वाचून दाखवावा लागतो. देणाऱ्याची खुशी नाही हे माहीत असूनही मी घेतो आहे, आणि का घेतो आहे, हे त्याने लिहायचं. दोन्ही कारणं आली की अधिकारी तासाभरात मंजुरी देतो. अधिकारी मीच आहे."

"म्हणजे मी लिहून द्यायचं की आईला नाइलाजाने देतेय."

"हो."

"आणि ते आईला वाचून दाखवायचं."

"शब्द न् शब्द."

मी हसले. खरंच हसले, वेड्यासारखी. ज्या बाईने अकरा वर्षं मनापासून ना, मनापासून ना विचारून पैसे घेतले, तिला आता मी लिहून देणार होते की मनापासून नाहीत. आणि त्याशिवाय तिचा जीव वाचणार नव्हता.

मी तो अर्ज संध्याकाळपर्यंत चार वेळा लिहिला आणि पाचव्यांदा पाठवला.

गुरुवारी सकाळी सातला मी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे साडेदहा वाजले होते. दादाने रजा टाकली होती. आई कॉटवरच होती, भिंतीकडे तोंड करून.

"आई, बँकेचा कागद आलाय. तुला वाचून दाखवायचाच आहे, कायदा आहे तसा," दादा म्हणाला.

"वाच की. कान उघडेच हायत."

दादा वाचायला लागला. "‘मी, शर्वरी मगदूम, जाहीर करते की ही रक्कम मी राजीखुशीने देत नाही.’" तो थांबला. माझ्याकडे बघायला लागला. "शरू, हे काय लिहिलंयस?"

"वाच पुढं," आई म्हणाली. ती अजून भिंतीकडेच बघत होती.

"‘कारण: ती माझी आई आहे. मी तिच्यावर चार वर्षं चिडलेली आहे. तरी ती मला हवी आहे.’"

आई वळली. अंग वळवायला तिला वेळ लागला. तेवढ्याने धाप लागली.

"कशावरनं चिडलीस?"

मी ओरडलेच. "बाबा झोपलेत म्हणालीस! मी तुला विचारलं, आई! मी पायऱ्यांवर उभी होते आणि तू मला म्हणालीस, बाबा झोपलेत! माझा बाप गेला आणि मी त्या रात्री पिझ्झा खाल्ला, पेपर चांगला गेला म्हणून! तू मला रडू दिलं नाहीस. आता तू बरी आहे म्हणतेस ना, मला खरं वाटत नाही. एकही शब्द खरा वाटत नाही."

दादाने मान खाली घातली. आई म्हणाली, "घर भरलं होतं माणसांनी. बायका रडत होत्या. तुझा फोन वाजला तसा मी न्हाणीत गेले, नळ मोठा सोडला आणि तुझ्याशी बोलले."

"मला माहीत नव्हतं."

"तू म्हणालीस, बाबांना सांग. मग बाहेर येऊन सांगितलं. अजून न्यायचे होते ना. वाकून कानात सांगितलं त्यांच्या, शरूचा पेपर बरा गेला म्हणती."

मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. चार वर्षं अडकलेलं रडू एकदम आलं. आई बघत होती. गप्प राहा म्हणाली नाही.

"चुकलं असंल माझं," माझं रडू ओसरल्यावर ती म्हणाली. "पण परत ती वेळ आली तर परत तसंच करीन, सांगून ठेवते. तू मधेच आली असतीस, वर्ष गेलं असतं तुझं."

"माझं वर्ष होतं ते. मला विचारायचं होतंस."

"व्हय," ती म्हणाली. "ते विचारायचं होतं."

दादाने डोळे पुसले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेअकरा होत आले होते. "आई, आता तुझं. देणाऱ्याची खुशी नाही हे माहीत असून घेतेस का? घेणार असशील तर का, ते लिहायचंय. नसशील तर आत्ता सांग, मी हॉस्पिटलला कळवतो."

"आई, घे," मी म्हणाले. "मनापासूनचे नाहीत. रागाचे आहेत. तरी घे. बरी झालीस की भांडू आपण."

तिचा हात छातीवर होता आणि दर श्वासाला वर-खाली होत होता. मी नर्स आहे, सवयीने श्वास मोजायला लागले. मला खात्रीच झाली की ती नाही म्हणणार. आता कुठली विनवणी करायची ते मी मनात जुळवत होते. दादाच्या मुलांचं नाव घ्यावं, बाबांची शपथ घालावी, काय करावं?

"प्रशांत, लिही," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"मला जगायचंय म्हणून लिही."

दादाने तिच्याकडे बघितलं. मीही. घरात काही उरलं तर खाणारी, जुनं झालं तर नेसणारी, काय हवं विचारलं तर काही नको म्हणणारी ही बाई. आजवर तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं आम्हा दोघांनाही आठवत नव्हतं.

"लिही की," ती चिडून म्हणाली. "अजून लई जगायचंय. नाइलाजाचे असले तर नाइलाजाचे, मला पायजेत."

दादा डोळे पुसत होता, त्याला ते टाइप करता येईना. शेवटी तिनेच त्याच्या हातातून फोन ओढून घेतला, चष्मा लावला, आणि एकेक अक्षर शोधत स्वतः लिहायला लागली.